ठकूआजीची लाल कड

फार फार मागे, आपल्या पणजीच्या पणजीनेही पाहिला नसेल अशा काळी, डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं. तिथे चंपाक्का नावाची बाई गोधड्या शिवून विकायची. आता गोधडी काय, घरोघरी शिवतात. पण मुलांनो, आणि मुलांच्या मागून कान लावणाऱ्या मोठ्यांनो, चंपाक्काच्या ओसरीवर शिवायला कोण बसायचं ते ऐका. एकीला ऐकू येत नव्हतं. एकीचा पाय अधू होता. आणि एक इतकी भांडकुदळ, की तिला ना सासरने ठेवली, ना माहेरने. ज्यांना गावात कुणी काम देत नाही, त्यांनाच ही बोलावून घ्यायची. गोधडी विकली गेली की सगळ्यांच्या चुली पेटायच्या.

एके दिवशी तिथे ठकूआजी आली. एकटा जीव, थकलेला, हात सारखे थरथरणारे.

"मला शिवता येतं गं," ती म्हणाली. "फुकटचं खाणार नाही."

चंपाक्काने तिला जुन्या लाल लुगड्याची पट्टी देऊन गोधडीची एक कड शिवायला दिली. आजीचा एक टाका पूर्वेला जायचा, तर दुसरा पश्चिमेला. चंपाक्का मनाने मऊ. सांगितलं तर म्हातारी खचेल, असं तिला वाटलं. म्हणून दुपारी आजीसकट सगळ्या बाया नदीवर गेल्या की ती आजीची कड उसवायची आणि स्वतः शिवून टाकायची.

"जमतंय ना गं?" आजी विचारायची.

"छान जमतंय, आजी."

असं वर्षभर चाललं. आजी पाणवठ्यावर ताठ मानेने सांगू लागली, "माझ्या हातचं काम लांब लांब जातं, बायांनो."

मग सोनाराच्या घरी बारसं निघालं. बाळाखाली घातलेली गोधडी चंपाक्काकडचीच होती. आजीने लाल लुगड्याची कड लगेच ओळखली.

"ही कड माझी. बघा हात लावून."

बायकांनी पाहिलं. टाके मुंग्यांच्या रांगेसारखे सरळ. एक जण हसली. "आजी, तुमच्या हातात भरला तांब्या राहत नाही, आणि हे टाके तुमचे?"

आजीने कड डोळ्यांजवळ नेली. बराच वेळ पाहिली. मग गोधडी खाली ठेवून, घुगऱ्या न घेताच ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती कामाला आली नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. तेव्हा चंपाक्का तिच्या दारी गेली. आजी उंबऱ्यावर बसली होती, आत चूल गार.

"आजी, चला कामाला."

"कसल्या कामाला? तू उसवणार ते शिवायला?"

चंपाक्काचा चेहरा उतरला. "तुम्हाला वाईट वाटलं असतं हो, म्हणून बोलले नाही."

"वाटलं असतंच," आजी म्हणाली. "दोन दिवस रुसले असते. तुला चार शब्द सुनावले असते. आणि मग सुई बदलली असती. तू मला तेवढंही करू दिलं नाहीस. भाकरी दिलीस बये, आणि काम दिलं म्हणालीस."

चंपाक्का तिथेच खाली बसली. मग म्हणाली, "आजी, तुमचा टाका वाकडा पडतो. बारीक सुई तुमच्या बोटांत ठरत नाही."

"हां, आता बोललीस," म्हणत आजीने पदर खोचला आणि ती उठली.

तिने पोती शिवायची जाड सुई मागून घेतली. ती मुठीत धरता येते, हात थरथरला तरी निसटत नाही. बाळांची दुपटी सोडून आजीने बैलांच्या झुली शिवायला घेतल्या. पहिल्या दोन चंपाक्काने तोंडावर नाकारल्या. आजीने त्या बडबडत बडबडत स्वतःच उसवल्या. तिसरी मात्र टिकली. टाके मोठे, जरा तिरकेच, पण बैलाने अंग घासलं तरी न तुटणारे. लांबलांबचे गाडीवान येऊन विचारू लागले, "आजींच्या हातची झूल आहे का?"

ओसरीवरचा गोंगाट तेवढा वाढला, कारण आता सगळ्या एकमेकींच्या चुका उघड सांगू लागल्या. त्यात भांडकुदळ बाई सगळ्यांच्या पुढे. पण काम सोडून कुणी गेली नाही. आणि चंपाक्काला, बिचारीला, दुपारची झोप मिळू लागली.

तात्पर्य : ज्याला काम देऊन उभं करायचं, त्याची चूक त्याच्यापासून लपवू नये.