सनईवाल्याचे गाल

कुपवाडच्या कारखान्याचे मालक खर्डेकर यांना मोठ्या वस्तूंचा भारी सोस. नव्या यंत्राच्या पूजेला त्यांनी शेजारची हवेची टाकी पाहिली आणि ते गरजले, "हे रिकामं पिंप कशाला? काढा! दाब वाढवायला बूस्टर आहे ना? कमी पडला तर दुप्पट मोठा आणा."

टाकी काढली तर हवेच्या दाबावर सरकणारे यंत्राचे सिलिंडर अर्ध्यात अडकणार आणि खापर आपल्यावर फुटणार, हे इंजिनिअर वैजयंता ढगे ओळखून होती. दारात सनई वाजत होती. ती म्हणाली, "काढते, मालक. फक्त आधी या भागवत गुरवांना गाल न फुगवता वाजवायला सांगा."

मालकांनाही कुतूहल वाटलं. त्यांनी फर्मावलं, आणि सनई दर श्वासाला तुटू लागली.

"असं का हो?" मालकांनी विचारलं.

गुरव म्हणाले, "मी नाकानं श्वास घेतो ना, तेवढ्यात गालातली हवा सूर धरून ठेवते."

"बूस्टरही दर ठोक्याला श्वास घेतो," वैजयंता म्हणाली. "तेवढ्यात ही टाकी सिलिंडरांना हवा पुरवते. ते एका फेरीत किती हवा खातात, त्यावरूनच हिचं माप काढलंय."

मालक हटेनात. "मग दुप्पट छातीचा सनईवाला आणू!"

"आणा की. श्वास घ्यायला तोही थांबेलच."

मालकांनी बूस्टरसाठी आणलेला हार टाकीला घातला.