कडब्यात लपवलेला हंडा

एका नदीकाठच्या गावात एक बाई होती, आणि तिच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर तिचं सगळं माहेर मांडलेलं होतं. मामाची परात, मावशीचा तांब्या, आत्याची कळशी. त्या काळी लग्नात भांडं द्यायचं ते देणाऱ्याचं नाव घालूनच. आईनं दिलेला हंडा सगळ्यांत मोठा. आईला अक्षर वाचता येत नव्हतं, तरी नाव घालणाऱ्यापुढं ती फतकल मारून बसली होती. ठोक्याठोक्याला विचारायची, "आलं का रे माझं नाव?" आता आई नव्हती. हंडा होता.

एका साली पूर आला. भिंत पडली, धान्य गेलं, गोधड्या गेल्या. भांडी मात्र बाईनं पाणी चढायच्या आधीच टेकडीवर नेली होती.

राजानं दवंडी पिटवली, "ज्याचं जे वाहून गेलं, त्याची भरपाई मिळेल." कारकून पंचनाम्याला आला.

नवरा कानाशी लागला. "भांडीही गेली म्हण."

"अहो, धडधडीत आहेत की ती!"

"कडब्यात लपवू. सगळा गाव सांगतोय. तूच तेवढी सत्यवचनी लागून गेलीस!"

भिंतीचं, धान्याचं मिळणारच होतं. पण हावेला तोंड असतं, पोट नसतं. बाई कारकुनापुढं बसली आणि भांडीही गेली म्हणाली.

"भांड्यांवर नावं कोणाची?"

बाईनं घडाघडा सांगितली. कारकुनानं एकूण एक लिहून घेतली. "भरपाई मिळेल. आता या नावाचं भांडं कुठंही सापडलं तरी ते सरकारजमा."

फळीवर नवी कोरी भांडी आली. माहेर गेलं कडब्यात.

पुढच्या साली लेकीचं लग्न ठरलं. लेक म्हणाली, "आई, मला दुसरं काही नको. आजीचा हंडा तेवढा दे."

"आणि कोणी नाव वाचलं म्हणजे?"

नवरा म्हणाला, "त्यात काय! कानस घे नि घासून टाक."

बाई कानस घेऊन बसली. पहिलं अक्षर गेलं. पितळेचा भुगा मांडीवर पडला, आणि तिचा हात थांबला. "आईला पुरानं नेलं नाही," ती म्हणाली, "मी नेतेय."

तिनं हंडा डोक्यावर घेतला आणि भर दुपारी चावडीवर नेऊन आदळला. "हा वाहून गेला नव्हता. मी खोटं बोलले."

नवरा मागनं धावत आला. "गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस!"

"तुमचं तोंड तुम्ही सांभाळा. हे माझ्या आईचं नाव आहे."

कारकून म्हणाला, "आपणहून सांगितलंत, म्हणून सरकारजमा करत नाही. भांड्यांची भरपाई परत करा, वर दंड भरा, आणि भांडी घेऊन जा."

नवी भांडी विकून बाईनं सगळं फेडलं. लेक हंडा घेऊन सासरी गेली. घासलेलं अक्षर मात्र काही परत आलं नाही.

तात्पर्य: गेलं असेल त्याची भरपाई ठणकावून मागा, पण आहे त्याला गेलं म्हणू नका. सरकारचं देणं फेडता येतं, आपल्या माणसांचं पुसलेलं नाव भरून येत नाही.