सळईचे दोन तुकडे

"मग भेग सुरू कुठून झाली, ते एकदाचं सांगून टाका ना, सर!"

मुरलीधरचा आवाज चढला. म्हातारे गुर्जरसर कपाटाकडे बघत राहिले. तिथे एका घट्ट बंद काचेच्या बरणीत पोलादी सळईचे दोन तुकडे होते.

ती सळई मोडली, तेव्हा मुरलीधर आणि हेरंब सरांच्या हाताखाली संशोधन करत होते. एका ताटात जेवणारे मित्र. सळईला जोड हेरंबने दिला होता, ताण मुरलीधरने चढवला होता. ती वेळेआधीच तुटली आणि दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. भेग जोडातून सुरू झाली असेल तर चूक हेरंबची, नाहीतर मुरलीधरची. तेव्हापासून बोलणं बंद. पुढे मुरलीधर मोठा झाला, धातू का तुटतात यावर देशोदेशी व्याख्यानं देऊ लागला. ही एक सळई मात्र त्याला रात्रंदिवस खुपत राहिली.

"हेरंबला अर्धांगाचा झटका आलाय. वाचा गेली," सर म्हणाले. "ऐकू येतं."

"कळलं मला..." मुरलीधरची मान खाली गेली. "फार वाईट वाटतं, सर. पण जाऊ कसा? आधी चूक कुणाची ते ठरू दे. माझी निघाली तर पाय धरीन त्याचे."

"आणि त्याची निघाली तर?"





 मुरलीधर चिडून म्हणाला, "सूक्ष्मदर्शकाखाली धरलं असतं तर लगेच कळलं असतं. इतकी वर्षं तुम्ही बघितलंच नाहीत?"

"धीर झाला नाही रे."

सरांनी बरणी उघडली. तुकडे हातात घेतले.

"पहिल्या दिवशी काय शिकवलं होतं तुम्हाला?"

"मोडलेले तुकडे एकमेकांना लावायचे नाहीत. घासले गेले की भेगेची खूण पुसली जाते."

"बरोबर."

आणि सरांनी ते दोन्ही तुकडे एकमेकांना लावले. दाबले. करकरा घासले.

"सर!"

मुरलीधर हात धरायला धावला, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. सरांच्या धोतरावर थोडी काळी भुकटी सांडली होती. 

"आता कधीच कळणार नाही..."

"नाही." सरांचे डोळे भरून आले. "हे मी तेव्हाच करायला हवं होतं."



"मग हेरंबला मी सांगू काय, सर?"

सरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"दवाखान्यात सहापर्यंतच भेटू देतात."