पंगतीतले गुडघे

एकदा एक वृद्ध अस्थिवैद्य ओटीवर बसले असता त्यांचा जुना शिष्य एका मुलाला पाठुंगळीस घेऊन आला. हा शिष्य गावातील मुलामुलींना कबड्डी शिकवीत असे. जत्रेचे सामने आठ दिवसांवर आले होते.

"गुरुजी, याचा घोटा तेवढा बसवून द्या. बाकीची सगळी ठणठणीत आहेत."

वैद्यांनी घोट्यास बांबूच्या कामट्या बांधल्या, महिनाभर पाय टेकू नकोस असे मुलास बजावले आणि शिष्यास म्हणाले, "उद्या दुपारी सगळ्या मुलांना माझ्याकडे जेवायला आण. पिठलं-भात करतो. वाढायचं मात्र तू."

"जत्रा तोंडावर आली गुरुजी, आणि जेवणावळी कसल्या घालता?"

"वाढताना ताटांकडे पाहू नकोस. गुडघ्यांकडे पाहा."

दुसऱ्या दिवशी अंगणात तीस मुलांची पंगत बसली. शिष्य भाताची परात घेऊन निघाला. तिसऱ्याच मुलाने एक पाय लांब पसरला होता.

"मांडी घाल रे."

"असंच बरं वाटतं, सर."

"पाटील आहेत ते, त्यांना ऐसपैस लागतं," शेजारचा म्हणाला, आणि पंगत हसली. थट्टा करणारा स्वतः डाव्या हाताने जेवत होता. त्यापुढील मुलगी एका कुशीवर कलली होती. शिष्य अशी अवघडलेली मुले मनाशी मोजू लागला, आणि अकरा झाल्यावर त्याने मोजणे सोडले.

शेवटी त्याचीच मुलगी गोदा बसली होती. तिची मांडी नीट होती. त्याच्या जिवात जीव आला. तोच ती पाणी आणावयास उठली. दोन्ही तळवे भुईवर टेकून, ओठ दाताखाली धरून उठली, आणि बाप पाहत आहे हे दिसताच हसली. 

"हिला उद्याच शहरातल्या इस्पितळात ने," वैद्य हळूच म्हणाले. "हा गुडघा माझ्या हातचा नाही."

"ही मला बोलली कशी नाही?"

"दुखतंय म्हणेल त्यानं संघाबाहेर बसायचं, हा नियम कुणाचा?"

"माझा."

"म्हणून तुझ्याकडे कुणालाच दुखत नाही. मोडलेलं हाड ओरडतं, ते माझ्यापर्यंत येतं. बाकीची दुखणी तुझ्या धाकानं गप्प बसतात, मुलांबरोबर वाढतात. अशी मैदानं पंचक्रोशीत किती असतील, मोज. हीच मुलं उद्या ओझी उचलणार, पोरं खांद्यावर घेणार. त्या दिवशी सगळं गाव लंगडेल, आणि माझ्याकडे तेवढ्या कामट्या नसतील."

"मग खेळ बंद करू?"

"खेळ राहू दे. नियम मोड."

सायंकाळी मैदानावर शिष्याने विचारले, "कुणाकुणाला दुखतंय?"

कोणीही बोलले नाही. कालपर्यंत याच शांततेचा त्याला अभिमान वाटत असे. आज तिची धास्ती वाटली. तो मातीत खाली बसला. "माझा डावा हात चार वर्षं खांद्याच्या वर जात नाही," तो म्हणाला. "मी कुणाला सांगितलं नाही."

मुले एकमेकांकडे पाहू लागली. मग गोदाने विचारले, "बाबा, मला बाहेर बसवणार?"

"बसवणार. बरी होईपर्यंत. तुझी जागा कुणाला देणार नाही."

तिने हात वर केला. मग आणखी एक हात वर आला. नंतर बराच वेळ हात वर येतच राहिले.