टोमॅटोचे सहा डबे

“मग यांना झालंय तरी काय?” कृष्णामाईंनी विचारलं.

हेरंबने वही उघडली. माईंच्या मठात येण्याआधी वीस वर्षं तो रोपवाटिकांना सल्ला देत फिरला होता. उत्तर तयार नसण्याची त्याला सवय नव्हती.

खालची पानं पिवळी पडली, तेव्हा त्याने नत्र दिलं. मग शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा झाला, तेव्हा मॅग्नेशियम. आता शेंड्याची पानंही फिकटली होती, म्हणजे लोह कमी पडत असणार. प्रत्येक पानाचं चित्र वहीत होतं, तारखेसकट.

तेलाच्या रिकाम्या डब्यांत लावलेली टोमॅटोची सहा रोपं. हेरंब उपदेश मागायला आला, त्याच दिवशी माईंनी ती त्याच्या हवाली केली होती. यांना फळ धरलं की बोलू, एवढंच म्हणाल्या होत्या. हा तर डाव्या हाताचा मळ, असं त्याला वाटलं होतं. आता रोपं मरायला टेकली होती, आणि त्यांच्याबरोबर उपदेशही.

“लोह देतो, माई. आठ दिवसांत फरक दिसेल.”

“हे तू मागच्या वेळीही म्हणालास.”

“मागच्या वेळी मॅग्नेशियम होतं.”

माई हसल्या. पाण्याचं काय, म्हणाल्या. त्याला तो प्रश्न जरा लागलाच. पाणी तो स्वतः घालत होता, दिवसाआड एक तांब्या, ना कमी ना जास्त.

“उद्या सकाळी वही न घेता इथे पायरीवर बस,” माई म्हणाल्या. “आणि कुणाशी बोलू नकोस.”

दुसऱ्या दिवशी तो बसला. अभिषेक आटोपला आणि माणसं गाभाऱ्यातून बाहेर येऊ लागली. सर्वांत पुढे कोंडाबाई. त्यांच्या तांब्यात अभिषेकाचं उरलेलं पाणी होतं. देवाचं पाणी पायदळी येऊ नये म्हणून ते झाडाच्या मुळाशी ओतायचं, ही मठाची जुनी रीत. आणि पायरीपासून सर्वांत जवळची झाडं म्हणजे टोमॅटो. सकाळचं ऊन मिळावं म्हणून हेरंबनेच डबे तिथे मांडले होते.

कोंडाबाईंनी पाणी ओतलं आणि हात जोडले. त्यांच्यामागून शिंपी आला, मग शाळेतले मास्तर, मग त्यांची बायको. ज्याला त्याला सर्वांत पिवळ्या रोपाचीच दया येत होती. बिचारं सुकत चाललंय, असं म्हणत मास्तरांच्या बायकोने तांब्या पुरता उपडा केला.

सगळे गेल्यावर हेरंबने मातीत बोट खुपसलं. नुसता चिखल. आंबूस वास आला.

तो तडक माईंकडे गेला.

“सगळे मिळून मारताहेत त्यांना. पाटीच लावतो, माई. पाणी घालू नये म्हणून.”

“आणि खत घालू नये म्हणून?”

हेरंब डब्यांकडे परतला.

पाटी लागली नाही. त्याने डबे उचलून अंगणाच्या पलीकडच्या भिंतीशी नेले, तळाला आणखी भोकं पाडली आणि विटांवर ठेवले. दुसऱ्या दिवशी कोंडाबाईंना हाताला धरून प्राजक्ताकडे घेऊन गेला. गरिबाला सोडून या धडधाकट झाडाला कशाला, असं त्या वाटभर कुरकुरल्या. तो नुसता हसला. पाणी प्राजक्ताला मिळालं.

दोन आठवडे त्याने खताच्या पिशवीला हात लावला नाही. पिवळी झालेली पानं पिवळीच राहिली, काही गळाली. वाफे, बाटल्या, चिमटे यांच्यात आयुष्य गेलेल्या माणसाला हे सोपं नव्हतं. एकदा तर पिशवीची गाठ सोडून त्याने पुन्हा बांधली.

मग एका सकाळी शेंड्याला नवं पान दिसलं, कडेपर्यंत हिरवं. त्याच्या बगलेत बारीकशी कळी.

माई तांदूळ निवडत होत्या. तो समोर उभा राहिला.

“फळ अजून नाही, माई. पण कळी आलीय. उपदेश…”

माईंनी दोन खडे काढून टाकले.

“हल्ली रोज सकाळी काय करतोस रे तिथे?”

“काही नाही. बोट घालून बघतो. माती कोरडी असली तर पाणी देतो. नसली तर… नुसता बसतो.”

माईंनी सूप बाजूला सरकवलं आणि शेजारची जागा हाताने झाडली.

“मग बस.”