रजेवर गेलेला गाल

चेहऱ्यातले स्नायू अजून एकमेकांशी बोलत, त्या काळची गोष्ट. वसुधा नवी नवरी होती. तिच्या गालाच्या हाडापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत हसरा स्नायू होता आणि त्याच्याखाली, दाढांना टेकून, आतला.

"सासरी सगळे मला बघायला येतात," हसरा म्हणाला. "तू काय, दाढांखाली घास ढकलणारा गडी!"

"बरं. आज गडी रजेवर," म्हणत आतला सैल पडला.

पंगतीत नवऱ्याने अख्खा बुंदीचा लाडू भरवला. तो गालात जाऊन तिथेच बसला. आता उखाण्यात नाव घ्यायचं होतं. हसऱ्याने सवयीने ओठ ताणले, तशी कोपऱ्यातून बुंदी गळू लागली.

"सूनबाई, लाडू खातेस की साठवतेस?" आत्याबाईंनी विचारलं. पंगत हसली. वसुधाचे डोळे भरले.

"अरे, ढकल ना!" हसरा गयावया करू लागला.

"तुझ्यासाठी नाही, तिच्यासाठी." आतल्याने अंग आवळलं. घास दाढांखाली गेला आणि वसुधाने खणखणीत नाव घेतलं.

"हसू किती गोड गं हिचं!" आत्याबाई म्हणाल्या.

"ऐकलंस?" हसरा लगेच फुगला.

आतल्याला हसू आलं. पण ते खातं त्याच्याकडे नव्हतं. त्याने पुढचा घास ढकलला.