वैऱ्याला वाढलेलं ताट

फार फार जुनी गोष्ट आहे. कोणत्या राजाच्या काळातली ते विचारू नका, मलाही कोणी सांगितलेलं नाही. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि ते सगळं गाव प्रभू येशूला मानणारं होतं. ऐकणारे लहान असतील तर त्यांनी नीट बसून ऐकावं. मोठे असतील तर त्यांनी जरा जास्तच नीट ऐकावं.

या गावाची एक रीत होती. मूल सोळा वर्षांचं झालं की रविवारी त्याला चर्चमध्ये पुढे बोलवत. तिथे एका मडक्यात शास्त्रातल्या वचनांच्या चिठ्ठ्या असत. मुलानं डोळे मिटून एक चिठ्ठी काढायची आणि जे वचन निघेल ते जन्मभर त्याचं. मग ते वचन सागवानी पाटीवर कोरून घ्यायचं आणि घराच्या दारावर लावायचं, अक्षरं रस्त्याकडे करून.

परगावचे लोक मुद्दाम या पाट्या बघायला येत. गाव किती भाविक आहे म्हणत आणि गावकरी खूश होत. पण पाट्यांचं तोंड बाहेर असल्यामुळे एक गंमत झाली होती. त्या येणारे-जाणारे वाचत, घरातला माणूस मात्र त्यांच्याखालून नुसती ये-जा करी. शांतीची पाटी लावलेले दोन भाऊ बांधावरून वर्षानुवर्षं भांडत होते. ज्यांच्या दारावर देण्याचं वचन होतं त्यांच्याकडून कुत्र्यालाही तुकडा मिळत नसे. पंचांचे प्रमुख नथनेलकाका यांच्या दारावर नम्रतेचं वचन होतं आणि ते गावातल्या सगळ्यांत मोठ्या अक्षरांत कोरलेलं होतं.

या पाट्या कोरणाऱ्या सुताराची मुलगी सालोमी. घरात ती आणि तिचे आबा असे दोघंच. आई ती लहान असतानाच गेली होती. थोरला भाऊ अमोस तीन वर्षांपूर्वी गेला आणि तो कसा गेला हे सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही.

गावाच्या ओढ्यापलीकडे जंगल होतं. तिथे कोळसा पाडणारी माणसं राहत. एका उन्हाळ्यात त्यांच्या एका भट्टीची आग सुटली. वारा मोठा होता. आग ओढा ओलांडून गावाच्या खळ्यांवर आली. धान्य जळालं, गोठे पेटले आणि गोठ्यातली जनावरं सोडवायला आत शिरलेला अमोस बाहेर आला नाही. तेव्हा पंचांनी ठराव केला. कोळसेवाल्यांनी ओढा ओलांडायचा नाही. त्यांचा कोळसा घ्यायचा नाही. त्यांना अन्नपाणी द्यायचं नाही आणि जो देईल त्याला मंडळीतून, म्हणजे चर्चमधूनच, काढून टाकायचं. सालोमी तेव्हा तेरा वर्षांची होती. तिला ही शिक्षा फार थोडी वाटली होती.

सोळाव्या वर्षी चिठ्ठी काढायची तिची वेळ आली. तिनं मडक्यात हात घातला आणि चिठ्ठी काढून दिली. चर्चचे धर्मगुरू पाळकबाबा यांनी ती उलगडली, वाचली आणि लगेच मिटली. सगळे थांबलेले पाहून त्यांनी ती पुन्हा उलगडली. वैऱ्याला भूक लागली तर त्याला जेवू घालावं, असं त्या वचनात सांगितलं होतं. चर्चमध्ये कुजबुज सुरू झाली.

“दुसरी काढ, बाळ,” पाळकबाबा हळूच म्हणाले. “तुझ्या घरचं सगळ्यांना ठाऊक आहे. कोणी काही म्हणणार नाही.”

सालोमीचं तोंड उतरलं होतं, पण पोरगी मुळात हट्टी. “आजवर कोणी दुसरी काढली आहे का, बाबा?”

“नाही.”

“मग मीही नाही काढत.”

आबांनी आठ दिवस खपून पाटी कोरली. त्या आठ दिवसांत ते तिच्याशी फारसं बोलले नाहीत. पाटी झाली तेव्हा ती म्हणाली, “आबा, ही आत लावू या. चुलीवरच्या भिंतीला.”

“आत? मग वाचणार कोण?”

“मी.”

“अगं, मी अक्षरं कोरतो ती चारचौघांनी बघावीत म्हणून. तिथे धुरानं काळी पडतील.”

“पडू देत. रस्त्याला नाही निघाली ती, मला निघाली आहे. बाहेर लावली तर मी आठ दिवसांत विसरून जाईन. मला माझा भरवसा नाही, आबा.”

आबांना वाईट वाटलं, तरी त्यांनी भिंतीत खुंटी ठोकून दिली. गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. नथनेलकाका काठी टेकत आले. “पोरी, पाटी दारावर लावायची रीत आहे,” ते म्हणाले. “घराची शोभा असते ती.”

“शोभा करायला मला दुसरं काही निघालं असतं तर लावली असती, काका,” सालोमी म्हणाली. काका आबांकडे बघून हसले. पोरवय आहे, उतरेल खूळ, असं म्हणून ते गेले.

खूळ उतरलं नाही. रोज सकाळी भाकरी थापायला बसलं की ती अक्षरं समोर. गाववाल्यांच्या पाट्या मुक्या होत्या, हिची पाटी रोज डोक्याशी कटकट करी. सुरुवातीला सालोमीला वैरी म्हणून आठवली ती शेजारची मार्था. विहिरीवर मार्था रोज तिची पाळी मोडून पुढे घुसायची. सालोमीनं तिच्याकडे वाटीभर भाजी पाठवली. मार्थाला वाटलं, हिनं यात काहीतरी कालवलं असणार. तिनं भाजी आधी कोंबडीला घातली, कोंबडी धडधाकट राहिली तेव्हा स्वतः खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाळी मोडून पुढे घुसली. सालोमीनं तिला मनातल्या मनात चार शिव्या दिल्या आणि संध्याकाळी पुन्हा वाटी पाठवली. बरोबरीच्या मुली तिला बघून म्हणू लागल्या, “आल्या संतीणबाई.” ते तिला झोंबायचं. पण वाटी जायचीच.

असं वर्ष गेलं. पुढच्या वर्षी पाऊस उघडेचना. जंगलातल्या भट्ट्या विझल्या, लाकडं कुजली. तसाही त्यांचा कोळसा कोणी घेत नव्हतं. एका दुपारी पलीकडच्या काठावरच्या दगडावर एक म्हातारा येऊन बसला. ज्या भट्टीची आग सुटली ती त्याचीच होती, हे सगळं गाव जाणून होतं. त्यानं ओढ्यात पाय घातला नाही, हात पसरला नाही, हाक मारली नाही. नुसता गावाकडे तोंड करून बसून राहिला. दुसऱ्या दिवशीही बसला, तिसऱ्या दिवशीही. पाणी भरणाऱ्या बायका मान खाली घालून घागरी भरत आणि निघून येत.

चौथ्या दिवशी सालोमी दुपारची जेवायला बसली आणि तिची नजर भिंतीवर गेली. तिला म्हाताऱ्याची कीव आली, असं मी सांगितलं तर ते खोटं होईल. तिला राग आला. इतका राग आला की हातातला घास तिनं ताटात टाकला. राग म्हाताऱ्याचा, त्या चिठ्ठीचा आणि देवाचासुद्धा. “दुसरं कोणी सापडलं नाही का तुला?” ती भिंतीकडे बघून म्हणाली. भिंत काय बोलणार? मग तिनं दुसरं ताट घेतलं, त्यात तीन भाकरी ठेवल्या, पिठलं वाढलं, कांदा फोडून ठेवला आणि ती निघाली. आबा ओट्यावर रंधा मारत होते. त्यांनी ताट पाहिलं, ती कुठल्या वाटेला लागली ते पाहिलं आणि पुन्हा रंधा हातात घेतला.

ओढ्याच्या उतारावर नथनेलकाका आणि दोन पंच उभे होते.

“कुठे निघालीस?”

“पलीकडे.”

“ताट कोणासाठी?”

“तुम्हाला ठाऊक आहे, काका.”

“सख्ख्या भावाला गिळलं त्यानं तुझ्या. लाज नाही वाटत?”

हे तिला वर्मी लागलं. तिचे डोळे भरून आले, पण आवाज हलला नाही. “अमोस जनावरांना वाचवायला आत गेला होता, काका. त्याच्या नावावर माणसं उपाशी मारू नका.”

काकांचा चेहरा लाल झाला. “ओढ्यात पाय घातलास तर रविवारी चर्चमध्ये तुझं नाव वाचलं जाईल. मंडळीतून जाशील. बाप-लेकीला कोणी दारात उभं करणार नाही. तुझ्या बापाच्या हातची पाटी कोणी घेणार नाही.”

आबांचं नाव निघालं तशी ती थबकली. आबांना त्या पाट्यांशिवाय दुसरं काही येत नव्हतं. मग तिनं ताट डोक्यावर घेतलं. “वाचा मग,” ती म्हणाली आणि पाण्यात उतरली.

म्हाताऱ्यानं समोर आलेलं ताट पाहिलं, पण हात लावला नाही. “तू कुनाची गं, पोरी?”

“तुमच्या भट्टीच्या आगीत जो गेला, त्याची बहीण.”

म्हाताऱ्यानं मान खाली घातली. मग म्हणाला, “त्या दिशी भट्टीवर पहारा माजाच व्हता. मला झोप लागली. लोकं म्हनली वाऱ्यानं झालं, पर माज्या झोपेनं झालं. हे कुनाला सांगाया मला तोंडच न्हवतं. म्हून हितं येऊन बसत व्हतो.”

हातातलं ताट ओढ्यात फेकावं, असं सालोमीला वाटलं. तिनं ते खाली ठेवलं आणि दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले. “मला तुमची दया येत नाही,” ती म्हणाली. “मला सांगितलंय, म्हणून आणलंय. जेवा.”

म्हातारा रडत रडत जेवला. सालोमी त्याचं ताट रिकामं होईपर्यंत बसून राहिली. दुसऱ्या दिवशीही ती गेली, तिसऱ्या दिवशीही.

रविवार उजाडला. कोणाला मंडळीतून काढायचं असलं की त्याचीही गावात एक रीत होती. त्या माणसानं पुढे उभं राहायचं. पाळकबाबांनी त्याचा गुन्हा उघड शब्दांत तीनदा वाचायचा. तिसरं वाचन झालं की त्यानं बाहेर जायचं आणि दार लावून घ्यायचं. त्याआधी माफी मागितली तर सुटका होती. कागद नथनेलकाकांनी स्वतःच्या हातानं लिहिला होता. रागाच्या भरात लिहिला होता आणि आपण काय लिहिलं हे कोणाला वाचून दाखवलं नव्हतं.

“माफी मागतेस का, बाळ?” पाळकबाबांनी विचारलं.

“नाही. वाचा, आणि मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं वाचा.”

पाळकबाबांनी कागद धरला. “सालोमी, सुताराची मुलगी. हिचा गुन्हा असा, की हिनं भुकेल्या वैऱ्याला जेवू घातलं.”

वाचून झाल्यावर त्यांना आपण काय वाचलं ते ऐकू आलं. त्यांनी घसा खाकरला आणि दुसऱ्यांदा वाचलं, पण या वेळी आवाज निम्म्यावरच आला. मार्थानं पदर तोंडाला लावला. भांडणारे दोघे भाऊ आपापल्या पायांकडे बघू लागले.

“दोनदा झालं, तेवढं पुरे,” नथनेलकाका बसल्या जागेवरून म्हणाले. “जा आता तू.”

“रीत तीनदाची आहे, काका,” सालोमी म्हणाली. “एकदा राहिलं आहे. ते ऐकल्याशिवाय मी इथून हलणार नाही.”

पाळकबाबांनी कागदाकडे पाहिलं, मग मागे वळून क्रुसाकडे पाहिलं. “मला या जागेवरून हे पुन्हा वाचता यायचं नाही,” ते म्हणाले.

तेव्हा नथनेलकाका उठले. काठी आपटत पुढे आले आणि त्यांनी पाळकबाबांच्या हातून कागद ओढून घेतला. “सालोमी, सुताराची मुलगी,” त्यांनी खणखणीत आवाजात वाचलं. “हिचा गुन्हा असा, की हिनं...” पुढचे शब्द त्यांच्याच हातचे होते. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. सालोमी त्यांच्या डोळ्यांत बघत उभी होती. सगळं गाव वाट बघत होतं. शेवटी त्यांनी कागद चुरगळून टाकला आणि ते एकटेच दारातून बाहेर गेले. तिसरं वाचन झालंच नाही, सालोमी मंडळीतच राहिली. त्या दिवसानंतर मरेपर्यंत ते सालोमीशी एक शब्द बोलले नाहीत.

त्या दुपारी ओढ्यापलीकडे सालोमीच्या ताटाबरोबर आणखी चार ताटं गेली. बाकीच्यांची गेली नाहीत, ती पुढेही गेली नाहीत. आबा मात्र गेले. त्यांच्या हातात काहीच नव्हतं. ते म्हाताऱ्याशेजारी दगडावर बसले.

“त्याचं नाव अमोस होतं,” ते म्हणाले. “एकोणीस वर्षांचा होता.”

म्हाताऱ्यानं हात जोडले. “सांगा मला त्याचं,” तो म्हणाला. आणि आबा सांगू लागले.

बोध असा, की जो आपला विश्वास रोज जगतो त्याला गाव अडवू शकतं, पण दोषी ठरवू शकत नाही.